उन्हाळ्यासाठी बिअरचं किट घेताय? आधी हा डबा आला कुठून ते बघा

आमच्या ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला नाताळ म्हणजे भर उन्हाळा, पारा चाळिशीला टेकतो, आणि सप्टेंबर लागला की इथल्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी विचारतंच, घरी हलकी बिअर करायचीय, किट (म्हणजे बिअरच्या पाकाचा डबा आणि सोबत यीस्ट) कुठलं घेऊ? मी सांगते डब्यावरचं नाव नंतर वाचा, आधी झाकणाखालची यीस्टची, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या बुरशीची, पुडी बघा आणि कॅलेंडर बघा. का ते कळायला जरा मागे जावं लागेल.

बव्हेरियात १५५३ साली ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने हुकूमच काढला होता, बिअर करायची ती २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्यातच, कारण उन्हाळ्यात केलेली बिघडायची. म्हणजे उन्हाळ्यात प्यायची ती थंडीतच करून तळघरात ठेवायची. मग १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सन गावी योसेफ ग्रोलने ती फिकट सोनेरी लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर) केली, १८७० च्या दशकात कार्ल फोन लिंडेचं थंड करायचं यंत्र आलं आणि कारखान्यांना बारा महिने सारखेच झाले. घरी करणाऱ्याला मात्र अजूनही हवामानाचंच ऐकावं लागतं.

डब्यातला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, पाक खपला तो अमेरिकेत, १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत, बेकिंगचं सामान म्हणून, आणि त्याची घरी बिअरच होणार हे दुकानदार नि गिऱ्हाईक दोघांनाही ठाऊक. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरच्या बिअरलाही परवाना लागायचा, तो १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढला आणि पुढे बूट्ससारख्या औषधांच्या दुकानात किटं दिसायला लागली. ऑस्ट्रेलियात १९७३ मध्ये व्हिटलम सरकारने मोकळीक दिली आणि त्याच दशकात आमच्या गावच्या, १८६२ पासूनच्या कूपर्स या बिअर कंपनीने किटं काढली.

तो डबा १.७ किलोचा. कोमट पाण्यात ठेवून उघडला की आत अगदी काकवी, तशीच काळपट आणि तशीच चमच्याला चिकटून लांब तार धरणारी, फक्त वास भाजक्या धान्याचा आणि जिभेवर मागून हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडूपणा. त्यात साधारण किलोभर साखर आणि पाणी घालून २३ लिटर करायचं. हलकेपणा येतो तो या साखरेमुळे, डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज) घेतलं तर यीस्ट ते सगळं खाऊन टाकतं, मागे जडपणा राहत नाही.

आता पुडीचं. खऱ्या लागर यीस्टला १०-१३ डिग्री लागतात, ते फ्रिजशिवाय जमणारच नाही, पण लागर लिहिलेल्या बऱ्याच किटांत एलचं, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअरचं, यीस्ट असतं, ते १८-२१ ला छान चालतं. इडलीचं पीठ मे महिन्यात कसं उतू जातं तसंच हेही, मी एकदा जानेवारीत गॅरेजमध्ये ३२ डिग्रीत लावलं आणि बाटल्यांना नेलपॉलिशसारखा वास, सगळी २३ लिटर ओतून दिली, फार वाईट वाटलं.

म्हणून कूपर्सचं मेक्सिकन सर्वेझा किंवा कॅनेडियन ब्लाँड घ्या, सोबत डेक्स्ट्रोज, आणि ऑक्टोबर संपायच्या आत लावून टाका, म्हणजे बाटल्यांना महिनाभर मुरायला मिळतो आणि नाताळपर्यंत मस्त तयार. आणि हो, पुण्या-मुंबईच्या भावंडांसाठी किट पाठवायचा विचार कुणी करत असेल तर नको, तिकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे.