मेगर ‘ओके’ दाखवतो, तरी मोटर ट्रिप का होते?

“मेगरवर चांगलं रीडिंग आहे, मग वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) गेलं असं कसं म्हणता?” आमच्याकडे रिवाइंडिंगला मोटर घेऊन येणारे ग्राहक हेच विचारतात, म्हणून एकदा लिहूनच ठेवतो आहोत.

मेगर, म्हणजे इन्सुलेशन (वीज अडवणारं आवरण) तपासायचा मीटर, खोटं सांगत नाही. पण तो वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन मोजतो. जोड सोडले तर दोन फेजमधलंही. एकाच कॉइलमधले शेजारचे दोन टर्न (तारेचे वेढे) शॉर्ट झाले, तर त्याला पत्ता लागत नाही, कारण ते मुळातच एका तारेचे भाग आहेत. अशा शॉर्ट टर्नमध्ये नेहमीच्या कित्येक पट करंट फिरतो. तेवढीच जागा तापते, तारेवरचं इनॅमलचं आवरण जळतं, आणखी टर्न शॉर्ट होतात आणि शेवटी वाइंडिंग बॉडीला लागतं. मेगर शून्यावर येतो तो तेव्हा.

या मधल्या काळातच सगळा घोळ होतो. रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारं उपकरण) ट्रिप झाला, मेगर मारला, ‘ओके’ आला, रिसेट करून पुन्हा बटण दाबलं. पुन्हा ट्रिप, पुन्हा रिसेट. काही जण तर रिलेचं सेटिंगच वाढवतात! कृपया हे करू नका. एका कॉइलचा बिघाड अख्ख्या स्टेटरवर (मोटरच्या न फिरणाऱ्या भागावर) पसरतो आणि स्लॉटमधल्या स्टॅम्पिंग (लोखंडी पत्र्या) वितळल्या तर नुसत्या रिवाइंडिंगने भागत नाही.

शिवाय कारण पुसलं जातं. जळालेलं वाइंडिंग बरंच सांगतं. स्टार जोडणीत (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) सप्लायचा एक फेज गेला असेल तर दोन फेजच्या कॉइल काळ्या पडतात, तिसऱ्याच्या स्वच्छ राहतात. डेल्टात (तिन्ही फेज त्रिकोणात जोडलेले) उलट, एकाच फेजच्या जळतात. सगळ्या सारख्याच करपल्या असतील तर ओव्हरलोड किंवा अडलेली हवा बघायची. एकाच जागी डाग असेल तर टर्न शॉर्टचा संशय. पाच-सहा रिसेटनंतर सगळंच कोळसा होतं. मग आम्ही कितीही चांगलं वाइंडिंग भरलं तरी मूळ कारण तुमच्या पॅनेलमध्येच राहतं आणि ‘तुमचं वाइंडिंग टिकलं नाही’ हे आम्हाला ऐकावं लागतं.

मोटर ट्रिप होत नसेल, नुसताच एका फेजचा करंट जास्त असेल, तर आमच्याकडे आणण्याआधी एक करून पाहा. सप्लाय बंद करून तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा. तिन्ही सरकवल्या की फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्त करंट सप्लायच्या त्याच लाइनवर राहिला तर दोष सप्लायकडे, मोटरच्या लीडबरोबर सरकला तर मोटरमध्ये. व्होल्टेजमधला १ टक्का फरक करंटमध्ये ६ ते १० टक्के फरक पाडू शकतो, त्यामुळे अशा बऱ्याच मोटरी न उघडताच परत जाव्यात असं आम्हालाही वाटतं.

आमच्या तपासणीला वेळ लागतो, हे खरं. मोठ्या मोटरच्या फेजचा रेझिस्टन्स ओहमच्या काही शतांशांत असतो. साध्या मल्टिमीटरच्या प्रोबचाच त्याहून जास्त भरतो. म्हणून आम्ही चार लीडच्या मीटरने मोजतो. त्यानंतर सर्ज टेस्ट: तिन्ही फेजना सारखाच झटका देऊन लहरी एकमेकींवर ठेवून पाहायच्या. टर्न शॉर्ट असलेल्या फेजची लहर सरकलेली दिसते. यामुळे चांगलं वाइंडिंग खराब होतं अशी शंका येते. पण व्होल्टेज मोटरच्या रेटिंगवरून ठरवतो आणि हळूहळू चढवतो. लहरींचा प्रिंट तुम्हाला मिळतो. तपासणीचं शुल्क वेगळं आहे, काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा होतं.

जनरेटरवाल्यांसाठी: मेगर लावण्याआधी एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं कार्ड) सोडवा आणि रोटरवरचे डायोड शॉर्ट करा किंवा काढा. नाहीतर वाइंडिंग शाबूत आणि एव्हीआर गेला, असं होतं.

मोटर उघडून, कॉइल कापून आणू नका. जशी बंद पडली तशीच आणा. सोबत रिलेचं सेटिंग, जोडणी स्टार की डेल्टा, आणि ती ड्राइव्हवर (वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) चालते का, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या.