अँटिव्हायरस होता, तरी पैसे गेले कसे?

केळीची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, खात्यात जमा झाली की आमच्या रावेरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हा प्रश्न हमखास येतो. "भाऊ, तुम्हीच तर टाकून दिला होता ना?" राग समजतो, म्हणून हे छापले.

चोरून शिरणारी फाइल अँटिव्हायरस पकडतो. पण बँकेचा माणूस म्हणून कुणी फोन करतो, तुमच्याच हाताने एनीडेस्क (दुरून तुमचे मशीन चालवायचे अ‍ॅप) टाकून घेतो आणि ओटीपी विचारतो, तिथे तो काय पकडणार? एनीडेस्क व्हायरस नाही, घरबसल्या दुरुस्तीसाठी आम्हीही तेच वापरतो. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (अ‍ॅप बसवणारी फाइल) तर मोबाइलमध्ये बसते आणि मेसेज वाचायची परवानगी मागते. कॉम्प्युटरवरच्या अँटिव्हायरसला त्याचा पत्ताही नसतो.

खरे नुकसान पुढे होते. पैसे गेल्यावर लोक मशीन उचलून आधी आमच्याकडे येतात. सावद्याहून यायचे, नंबर लावायचा, स्कॅन होईपर्यंत थांबायचे. तोवर पैसे चार खाती फिरलेले असतात! कृपा करून आधी नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) आणि बँक, दोन्हीकडे कळवा. पैसे पुढच्या खात्यातच अडवता येतात, पण वेळेत कळवले तरच. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात ठरवले होते: ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. फॉरमॅट तर मुळीच मारू नका, पुरावा जातो. तक्रार नोंदवल्याशिवाय आम्हीही मारून देत नाही, कितीही घाई असली तरी.

काही अँटिव्हायरस बँकेचे सुरक्षित पानसुद्धा मधेच उघडून तपासतात. बँकेच्या साइटपुरते ते आम्ही बंद करतो. फुकटातला बसवून द्या म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो: ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल फुकट अँटिव्हायरस देणाऱ्या अवास्ट कंपनीला २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. क्रॅक केलेला तर आमच्याकडे मिळणारच नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्या मशीनवर बँकेचे काम करत असाल, तर आधी विंडोजचे बघू, अँटिव्हायरस नंतर.

तपासणीला येताना चार्जर आणा. बँकेचा पासवर्ड आम्हाला सांगू नका, तो टाकायची वेळ आली तर आम्ही बाजूला होतो.