करार कोणाकोणात? सामाजिक कराराच्या सिद्धान्तांची पार्श्वभूमी

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. विलीनीकरणाचा करार छत्रपती आणि भारत सरकार यांच्यातला होता. १९३९ पासून प्रजापरिषदेच्या माध्यमातून जबाबदार राज्यपद्धती मागणारी प्रजा त्यात पक्षकार नव्हती. करार नेमका कोणाकोणात झाला, हाच प्रश्न घेऊन कोल्हापूरच्या अभ्यासकाने हॉब्ज, लॉक आणि रूसो हे सामाजिक कराराचे, म्हणजे राज्यसत्ता लोकांच्या करारातून उगम पावते या सिद्धान्ताचे विचारवंत वाचावेत, असे मला वाटते.

टॉमस हॉब्जचा ‘लेव्हायथन’ १६५१ मध्ये प्रसिद्ध झाला. १६४२ पासून इंग्लंड यादवीत होरपळत होते, १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला होता, आणि हॉब्ज पॅरिसमध्ये आश्रयाला होता. त्याच्या मांडणीत करार माणसामाणसांत होतो. ज्याच्या हाती सत्ता सोपवली जाते तो सार्वभौम त्यात पक्षकारच नसतो, आणि म्हणूनच त्याच्यावर करारभंगाचा ठपका ठेवता येत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही मात्स्यन्यायाने, म्हणजे मोठा मासा लहान माशाला गिळतो तशा बळजोरीने, गांजलेले लोक मनूला राजा करतात, परंतु तिथे धान्याचा सहावा भाग ठरवून दिलेला आहे आणि त्या मोबदल्यात प्रजेच्या योगक्षेमाची जबाबदारी राजावर येते. हॉब्जने राजाला असे बांधून घेतले नाही. तरीही सत्तेचा उगम त्याने ईश्वरी वरदानात नव्हे, तर माणसांच्या संमतीत शोधला, हे त्याला निव्वळ राजेशाहीचा समर्थक ठरवताना विसरता कामा नये.

जॉन लॉकचे शासनविषयक दोन निबंध १६८९ मध्ये छापले गेले, त्यामुळे ते इंग्लंडमध्ये राजाला पदच्युत करणाऱ्या १६८८ च्या क्रांतीचे समर्थन मानले जात. मात्र त्यांचा बराचसा भाग क्रांतीपूर्वीच लिहिला गेला होता, असे इतिहासकार पीटर लॅस्लेट यांनी १९६० मध्ये दाखवून दिले. लॉकच्या मते शासन हे विश्वस्त असते, आणि विश्वासघात झाल्यास सत्ता लोकांकडे परत येते.

रूसोच्या ‘सामाजिक करार’ या १७६२ च्या ग्रंथात राजा आणि प्रजा हे द्वैतच उरत नाही. प्रत्येक जण स्वतःला सर्वांच्या हवाली करतो, म्हणून कोणा एकाच्या हवाली होत नाही. सामूहिक ईहेतून, म्हणजे सर्वांच्या हिताच्या सामाईक इच्छेतून, होणारा कायदा हा आपणच आपल्याला घातलेला नियम ठरतो. हा ग्रंथ त्याच्या जन्मगावी, जिनीव्हात, जाळण्यात आला.

विलीनीकरणानंतर नऊ महिन्यांच्या आत, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान सभेने संविधान स्वीकारले. प्रजापरिषदेचे रत्नाप्पा कुंभार त्या सभेचे सदस्य होते. उद्देशिकेतील कर्ता ‘आम्ही, भारताचे लोक’ हा आहे, आणि शेवटच्या ओळीत ते लोक हे संविधान ‘स्वतःप्रत अर्पण’ करतात.