आंतररुग्ण उपचार, बाल व किशोरवयीन मनोविकारांतील

अठरा वर्षांखालील मनोरुग्णास रुग्णालयात ठेवून घेण्याची वेळ दोन गोष्टी मिळून आणतात : विकाराची तीव्रता आणि घरी सांभाळण्याची कुवत संपणे. केसपेपरवर बहुधा पहिलीच उतरते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५–१६) १३ ते १७ वयोगटात मनोविकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले. त्यांपैकी बहुतेकांना बाह्यरुग्ण उपचार पुरतात.

आत्महत्येचा प्रयत्न किंवा तसा ठाम विचार, चित्तविकृती (सायकोसिस), उन्माद, अन्नपाणी सुटलेले नैराश्य, क्षुधानाश (ॲनोरेक्सिया) आणि ताठरावस्था (कॅटाटोनिया) ही दाखल करण्याची प्रमुख वैद्यकीय कारणे होत. मतिमंदत्व वा स्वमग्नता असलेली मुले बहुधा मूळ विकारासाठी नव्हे, तर अनावर आक्रमकतेमुळे येतात. व्यसनांचाही वाटा आहे. सांगली–साताऱ्याच्या द्राक्ष व ऊस पट्ट्यात फवारणीची औषधे घरातच असतात. तिथे क्षणाच्या रागातला प्रयत्नही जिवावर बेततो. असे मूल आधी मेडिसीन वॉर्डात जाते, शुद्धीवर आल्यावर मानसोपचारतज्ज्ञाला बोलावणे जाते, आणि नोंद ‘विषबाधा’ एवढीच राहू शकते. त्यामुळे केवळ मनोविकार विभागाच्या नोंदींवरून कारणांची क्रमवारी लावणे धोक्याचे.

‘अंगात येणे’ व दातखीळ यांचे वर्गीकरण वादग्रस्त आहे. जुन्या ग्रंथांत हे सारे ‘हिस्टेरिया’खाली येई. मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाच्या (डीएसएम) तिसऱ्या आवृत्तीने (१९८०) ते नाव वगळले. पाचव्या आवृत्तीने (२०१३) संचाराचा अनुभव बहुव्यक्तिमत्त्वाच्या विकारात सामावून घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणाने मात्र संचार-समाधी विकार स्वतंत्र ठेवला. आपल्याकडील रुग्णांना दुसरी मांडणी अधिक जुळते. जत्रेत वा गोंधळात अंगात येणे ही रूढी आहे आणि ते विकारात मोजले जात नाही. तेच परीक्षेच्या आठवड्यात, रोज, मुलीच्या इच्छेविरुद्ध घडू लागले व शाळा सुटली, तर निदानाचा प्रश्न उभा राहतो. दाखल करण्याचे कारण इथे पुष्कळदा निदानाची खात्री हेच असते : झटका अपस्माराचा की वियोजनाचा (मानसिक ताणातून भान तुटण्याचा), हे झटका चालू असताना घेतलेल्या व्हिडिओ-ईईजीवरून (चित्रफितीसह मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) कळते. अबोल, ताठरलेल्या मुलाबाबत मेंदूदाहही वगळावा लागतो. मेंदूतील एनएमडीए ग्राहकांविरुद्ध (रिसेप्टर) शरीरानेच तयार केलेल्या प्रतिपिंडांमुळे होणारा दाह २००७ मध्ये वर्णिला गेला, आणि तो सुरुवातीला हुबेहूब चित्तविकृतीसारखा दिसू शकतो. ‘बाहेरचं आहे’ म्हणून देवरुषाकडे गेलेले दिवस अशा रुग्णाला महागात पडतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने वा साखळीने बांधून मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला होता.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८७ नुसार अल्पवयीनाच्या दाखल्यासाठी त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे सामान्यतः कायदेशीर पालकाचा, अर्ज लागतो. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एका मानसोपचारतज्ज्ञाने व दुसऱ्या पात्र व्यावसायिकाने, त्याच दिवशी वा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्र तपासणी करायची असते. मुलाला प्रौढांपासून वेगळे ठेवायचे आणि प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या परिचराने पूर्ण काळ सोबत राहायचे. प्रतिनिधी पुरुष असल्यास मुलीसोबत स्त्री परिचर हवीच. या कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ७२ तासांत कळवावे लागते. पालकांच्या संमतीखेरीज मंडळाची पूर्वपरवानगीही असल्याशिवाय शॉक (विद्युतझटक्यांचे उपचार) देता येत नाहीत.

इथेच परिस्थितीची पातळी उघडी पडते. विटा–आटपाडी भागातील गलाई (सोने-चांदी गाळण्याचे) व्यावसायिक तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पसरलेले. काहींची मुले गावी आजीजवळ वाढतात. मूल रात्री बिथरले की आजी रिक्षा करून आणते, पण आईवडील हयात असताना ती कायदेशीर पालक ठरत नाही. कलम ९४ खालचे तातडीचे उपचार ७२ तासांपर्यंत चालतात. तेवढ्या अवधीत वडिलांनी पोचायचे. रोजंदारीवरच्या आईला मुलाशेजारी राहणे म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडणे. काही मुले त्यामुळे उशिरा दाखल होतात, काहींना अर्ध्यात घरी नेले जाते.

राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. सांगली व सातारा या दोन्ही जिल्ह्यांत एकही नाही. मिरज व कराड येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.