‘रेणुभार’ म्हणजे नेमका कोणता? अमेरिकी पेटंट अपिलांमागचा वाद

पेटंटचं संरक्षण किती, हे शेवटी क्रमांक घालून लिहिलेले दावे ठरवतात. म्हणून दाव्यातल्या एका शब्दाचा अर्थ लागला की पुष्कळ खटल्यांत लढायला फारसं उरत नाही. तो अर्थ ज्युरीने नव्हे, न्यायाधीशाने लावायचा, हे अमेरिकेत १९९६ साली मार्कमन खटल्यात पक्कं झालं. वाद ड्रायक्लीनिंगच्या नोंदयंत्रणेचा होता: नुसत्या पैशांच्या हिशोबाला ‘इन्व्हेंटरी’ म्हणायचं, की त्यात कपडे यायलाच हवेत? कपडे हवेतच, हा न्यायाधीशांचा अर्थ टिकला.

अपिलात काय करायचं, हा प्रश्न मात्र उरला. पेटंट अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किटने १९९८ मध्ये, सायबॉर (Cybor) खटल्यात, अर्थ लावणं हा निव्वळ कायद्याचा प्रश्न ठरवला. म्हणजे खालच्या कोर्टाने तज्ज्ञांच्या साक्षी ऐकून लावलेला अर्थ वर पुन्हा पहिल्यापासून तपासला जाई. २००५ च्या फिलिप्स निकालाने पुराव्याची उतरंड घालून दिली: दाव्याचे शब्द, पेटंटमधलं वर्णन, पेटंट ऑफिसशी झालेला पत्रव्यवहार; शब्दकोश आणि तज्ज्ञ त्यानंतर. हमखास चूक होते ती वर्णनातलं एखादं उदाहरण दाव्याची मर्यादा समजण्यात. फिलिप्समध्ये तेच झालं होतं. वर्णनातल्या उदाहरणांत भिंतीतल्या आडपट्ट्या तिरक्या होत्या; पण त्या काटकोनात नसाव्यात, असं दाव्यात कुठेही नव्हतं.

खरं वळण २०१५ चं, तेवा विरुद्ध सँडोझ या दोन औषधकंपन्यांच्या खटल्याचं. तेवाच्या कोपॅक्सोन या औषधाच्या दाव्यात ५ ते ९ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) ‘रेणुभार’ होता. पण औषधातले रेणू कमीजास्त वजनाचे असल्याने हा आकडा तीन तऱ्हांनी काढता येतो: रेणूंच्या वजनांच्या आलेखाच्या शिखरावरचा, रेणूंच्या संख्येवरून काढलेली संख्या-सरासरी, की जड रेणूंना जास्त महत्त्व देणारी वजन-सरासरी. यातला कोणता, हे लिहिलेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मधली वाट काढली. पेटंटच्या स्वतःच्या कागदांवरून लावलेला अर्थ अपिलात नव्याने तपासायचा. तज्ज्ञाच्या साक्षीवरून काढलेल्या वस्तुस्थितीच्या निष्कर्षाला मात्र उघड चूक दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. त्यामुळे हे कवच हवं असणाऱ्या वकिलाने असा निष्कर्ष खालच्या निकालपत्रात स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावा.

तेवाला त्याचा उपयोग झाला नाही, हा भाग वेगळा. प्रकरण परत आल्यावर फेडरल सर्किटने आलेखाविषयीची तज्ज्ञाची साक्ष मान्य केली. पण तेवाने संबंधित पेटंटांच्या अर्जांत एकदा वजन-सरासरी आणि एकदा शिखराचा रेणुभार सांगितला होता. त्या विसंगतीवर बोट ठेवून कोर्टाने दावे संदिग्ध, म्हणून अवैध ठरवले.