जुन्या लेन्समध्ये टॉर्च मारल्यावर काय दिसतं

हाताने फोकस करायची दुर्मीळ लेन्स समोर आली की नजर आधी नावावर जाते, मग अनुक्रमांकावर आणि मग नळीचा रंग किती उडालाय यावर. हा क्रम उलटा करावा. नळीवरचा ओरखडा फोटोत उतरत नाही, पण काचेत काय झालंय ते उतरतं. लेन्स कितीही दुर्मीळ असली तरी आधी टॉर्च.

दोन्ही झाकणं काढा आणि छिद्र, म्हणजे पात्यांनी लहान-मोठी होणारी प्रकाशाची वाट, पूर्ण उघडा. अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. सरळ पाहिलं तर डोळे दिपतात आणि काही कळत नाही. धुळीचे दहा-वीस कण दिसतीलच, ते सोडून द्या. पुढच्या भिंगावरचा एखादा ओरखडाही चालतो. मात्र वर्षानुवर्षं पुसून पडलेलं बारीक चऱ्यांचं जाळं प्रकाश विखुरतं आणि समोरून ऊन असलं की चित्र धुरकट होतं. मागच्या भिंगावरचा ओरखडा जास्त त्रास देतो. तिथे प्रत्येक बिंदूकडे जाणारी किरणांची शलाका अरुंद झालेली असते, त्यामुळे तेवढाच ओरखडा तिचा मोठा हिस्सा अडवतो.

फांद्या फुटल्यासारखे किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती किती खोल गेली हा खरा प्रश्न. कोटिंग, म्हणजे परावर्तन कमी करणारा पातळ थर, नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हेलिओस ४४ सारख्या जुन्या सोव्हिएत लेन्समध्ये ६ भिंगं ४ गटांत असतात, म्हणजे हवेला लागलेले ८ पृष्ठभाग. कोटिंग नसतं तर जेमतेम ७२ टक्के प्रकाश आरपार गेला असता आणि परतलेला काही प्रकाश आतच उड्या मारत राहिला असता. झाइस या जर्मन कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये यावर पातळ थराचा उपाय शोधला. मॅग्नेशियम फ्लोराइडचा असा थर जेमतेम १०० नॅनोमीटर जाडीचा असतो आणि बुरशीतून स्रवणारी आम्लं नेमका तोच खातात. म्हणून बुरशी पुसली तरी तिची वाट कधी कधी काचेवर कोरलेली राहते. ताजी असेल तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन्ही लेन्स टिश्यूवर घेऊन. द्रव थेट भिंगावर ओतू नका, तो कडेने आत शिरतो.

सगळीकडे सारखं पसरलेलं धुकं ही वेगळी गोष्ट. फोकसच्या आट्यांतल्या ग्रीसची वाफ थंड काचेवर जमते, ती बहुतेकदा पुसली जाते. पण पुसूनही तसंच राहिलं तर काच किंवा दोन भिंगांमधला डिंक बिघडलाय असं समजा. हा डिंक पूर्वी कॅनडा बाल्समचा, म्हणजे एका सूचिपर्णी झाडाच्या राळेचा असे. तो कडेने सुटू लागला की इंद्रधनुषी पट्टे किंवा बुडबुड्यांसारखे डाग दिसतात. भिंगं वेगळी करून अचूक मध्यावर पुन्हा चिकटवणं हे घरचं काम नाही. अशी लेन्स दाखवायला ठेवायची असेल तरच घ्या.

चहासारखा पिवळा रंग दिसला तर घाबरू नका. काही लेन्सच्या काचेत थोरियम ऑक्साइड मिसळलेलं असे. त्याने काचेचा अपवर्तनांक वाढतो पण रंगांची फाटाफूट फारशी वाढत नाही, त्यामुळे भिंगांचा बाक कमी ठेवता येतो. थोरियम किरणोत्सारी आहे. त्याच्या माऱ्याने काचेतले इलेक्ट्रॉन भलत्या जागी अडकतात आणि निळा प्रकाश गिळू लागतात. ‘असाही’ या जपानी कंपनीची सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ ही लेन्स याचं ठळक उदाहरण. तिची ८ भिंगांची पहिली आवृत्ती थोरियमविरहित आहे आणि संग्राहक तीच शोधतात. डेप्थ ऑफ फील्डच्या, म्हणजे कुठपासून कुठपर्यंत स्पष्ट दिसेल ते सांगणाऱ्या पट्टीवर लाल इन्फ्रारेड खूण उजव्या ४ या आकड्याच्या पलीकडे असेल तर ती ८ भिंगांची, मधल्या खुणेच्या आणि ४ च्या मध्ये असेल तर पुढची ७ भिंगांची.

पिवळेपणावर उपाय अतिनील प्रकाश. त्याने अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात. लेन्सखाली ॲल्युमिनियमची फॉइल ठेवून अतिनील एलईडी काही दिवस ते काही आठवडे लावा, अधूनमधून पांढऱ्या कागदावर धरून फरक पाहा. उन्हातही जमतं, पण लेन्स तापली की ग्रीस वितळून पात्यांवर येतं आणि उघडी लेन्स ऊन एकवटून आगही लावू शकते. कॅमेऱ्यावर लावून वापरायला अशी लेन्स ठीक. फुटलेल्या थोरियम काचेची धूळ मात्र श्वासात जाऊ देऊ नका आणि असं भिंग डोळ्याला लावायच्या नेत्रिकेत बसवू नका.

आता यंत्राचा भाग. छिद्राच्या पात्यांवर तेलाची चकाकी दिसली तर त्या उशिरा मिटतात आणि फोटो जास्त उजळ येतात. फोकस रिंग जड झाली असेल तर जुनं ग्रीस वाळलंय. आटे सोडवताना ते ज्या जागी सुटतात तिथे बारीक खूण करून ठेवा. त्यांना अनेक तोंडं असतात, चुकीच्या तोंडातून बसवले तर अनंतावर, म्हणजे खूप दूरच्या वस्तूंवर, फोकस मिळत नाही. जपानी लेन्सला जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो, साधा फिलिप्स स्क्रूचं डोकं खातो.

शेवटी अडॅप्टर, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारी कडी. एम४२ (४२ मिमीच्या आट्यांनी बसणाऱ्या) लेन्सला माउंटपासून, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला टेकते तिथपासून, सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर हवं. सोनी ई माउंटच्या कॅमेऱ्यात ते १८ मिमी आहे, म्हणून अडॅप्टर २७.४६ मिमी जाडीचा. तो ०.१ मिमी जाड निघाला तर ५० मिमी लेन्सचा फोकस २५ मीटरवरच संपतो आणि २८ मिमी लेन्सचा ८ मीटरच्या आत. किंचित पातळ चालतो, त्यात फोकस अनंताच्या पुढे जातो एवढंच. निकॉन एफ माउंटचं अंतर मुळातच ४६.५ मिमी, त्यामुळे मधे दुरुस्तीचं भिंग नसेल तर एम४२ ची ५० मिमी लेन्स तिथे सुमारे अडीच मीटरपर्यंतच चालते. म्हणून विकत घेण्यापूर्वी लेन्स आपल्याच अडॅप्टरवर लावा, छिद्र पूर्ण उघडा आणि दूरच्या टॉवरवर फोकस जुळतो का ते पडद्यावर मोठं करून पाहा.