अमेरिकेत सुपरवाइज्ड रिलीजची अट मोडली म्हणून परत जेल, त्यावरच्या अपीलाची पार्श्वभूमी

अमेरिकेत फेडरल (म्हणजे केंद्रीय कायद्याखालचा) कैदी जेलमधून बाहेर आला म्हणजे सुटला असं होत नाही, पुढची काही वर्षं प्रोबेशन ऑफिसरच्या नजरेखाली काढायची, ड्रग टेस्ट द्यायची, न विचारता भाग सोडायचा नाही, आणि अट मोडली की जज परत आत पाठवू शकतो. ही पद्धत आली १९८४ च्या सेंटेन्सिंग रिफॉर्म ॲक्टमधून, लागू झाली १ नोव्हेंबर १९८७ पासून. आधी पॅरोल होता, त्यात शिक्षेचाच उरलेला भाग बाहेर काढायला मिळायचा. तो बंद केला आणि जेल झाल्यावर वरून ही देखरेख, म्हणजे सुपरवाइज्ड रिलीज, लावली.

अट मोडली का हे ठरवणाऱ्या सुनावणीत ज्युरी नसते, आणि गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करायची गरज नाही, ‘झालं असण्याची शक्यता जास्त’ एवढं जजला पटलं की पुरे. मूळ गुन्हा सगळ्यात गंभीर वर्गातला असेल तर एवढ्यावर ५ वर्षांपर्यंत जेल, हे मला तरी फारच वाटतं. म्हणून तर अपीलाला एवढं महत्त्व, आणि त्याची नोटीस १४ दिवसांत द्यायची असते.

सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या बुकर निकालानंतर शिक्षा वाजवी आहे का हे वरचं कोर्ट बघायला लागलं, काही सर्किट कोर्टांनी (म्हणजे विभागवार फेडरल अपील कोर्टांनी) मात्र ‘उघडउघड अवाजवी’ हीच जुनी कडक कसोटी धरून ठेवली. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात हेमंड केसमध्ये ५-४ ने, काही ठरावीक गुन्ह्यांसाठी ज्युरीशिवाय किमान ५ वर्षं जेल सक्तीची करणारी तरतूद घटनाबाह्य ठरली.

सगळ्यात मोठी गोष्ट २०२५ ची, एस्टेरास केस. एस्टेरास हा ओहायोतला माणूस, हेरॉइनच्या कटात १२ महिने जेल आणि ६ वर्षं देखरेख. नंतर घरगुती हिंसेच्या आरोपात अटक झाली, ते आरोप मागे घेतले गेले, तरी देखरेख रद्द होऊन २४ महिने जेल, म्हणजे मूळ शिक्षेच्या दुप्पट! देखरेख रद्द करताना जजने काय काय बघायचं याची यादी कायद्यात आहे आणि त्यात मूळ गुन्ह्याचा वचपा हे कारण काँग्रेसने (तिथल्या संसदेने) घातलेलंच नाही, तरी कित्येक सर्किट ते चालवून घेत होती. सुप्रीम कोर्टाने ७-२ ने सांगितलं, चालणार नाही.

फक्त वकिलाने सुनावणीतच हरकत घ्यायला हवी, नाहीतर अपीलात ‘ढळढळीत चूक’ दाखवावी लागते, आणि ते फार अवघड जातं.